चार-सहा, शून्य

पेन्सिल थांबू द्यायची नाही, असं डॉक्टरबाईंनी मला पहिल्याच सकाळी बजावलं होतं. मी काहीही बोलले तरी. माझं चुकतंय असं तुला वाटलं तरी. पहिला कागद पेटीत टाकायचा, झाकण लावायचं, मगच दुसरा घ्यायचा आणि मी सांगेन ते लिहीत जायचं. खोडरबर आणायचं नाही. चुकलंच तर आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं दिसेल. मी मान डोलावली. तेविसाव्या वर्षी आपण वडीलधाऱ्यांपुढे जशी मान डोलावतो तशी. कान त्यांच्याकडे आणि मन खिडकीबाहेर. माझ्या पर्समध्ये तेव्हाही खोडरबर होतं, पांढरं, एका कोपऱ्याला झिजलेलं, कारण मला घाणेरडा कागद बघवत नाही. लहानपणापासून नाही बघवत. वहीचं पान बिघडलं की मी अख्खं पान फाडायची आणि आईचा मार खायची. डॉक्टरबाईंना हे सांगितलं नाही. एवढ्यातेवढ्यासाठी कशाला, असं वाटलं.

मागच्या महिन्यात एका सकाळी न्हाणीघरातल्या बेसिनपाशी उभी होते. पोरीची हनुवटी एका हातात आणि ब्रश दुसऱ्या हातात. पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. दात घासायलासुद्धा तिला धरून ठेवावं लागतं. आरशाखालच्या फळीवर फोन थरथरला. एका डोळ्याने वाचलं. पत्र अनोळखी बाईचं होतं. नऊ वर्षांपूर्वी शाळेतल्या मुलांच्या दातांना लेप लावून जो अभ्यास झाला होता त्याचे मूळ कागद आता सगळ्यांना बघता येतील असे खुले ठेवायचे आहेत, कोणालाही आकडे पुन्हा मोजून पाहता यावेत म्हणून. त्या अभ्यासावरच्या शोधनिबंधाच्या शेवटी आभारांत तुमचं नाव आहे. कागदांची खोकी तुमच्याकडे असल्याचं डॉक्टरबाईंनी कळवलं. आणि शेवटी एक ओळ: नोंदी घेताना जे घडलं, जसं घडलं, ते आठवत असेल तर मोकळेपणाने लिहा, आम्ही ती टीप कागदांसोबतच ठेवू. किती साधी ओळ. दोनदा वाचली. तेवढ्यात फेसाने भरलेल्या तोंडाने भिंगरी म्हणाली, "आई, माझ्या मागे काहीतरी आलंय."

"पाठीला?"

"नाही गं. तोंडात मागे. जीभ लागते."

चूळ भरायला लावली, फोनचा दिवा लावला, आ कर म्हटलं. खालचा जबडा, उजवी बाजू, दुधाच्या दाढेच्या मागे. हिरडीतून अर्धवट वर आलेली एक दाढ, नवी कोरी, तिच्या माथ्यावरच्या खाचा अजून कशानेही न झिजलेल्या, एका कडेवर हिरडीचा पदर तसाच. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चार-सहा."

"काय?" भिंगरी म्हणाली.

"दुधाचाच असेल," स्वयंपाकघरातून सासूबाई. त्यांना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं, फक्त समोरचं येत नाही. "पडेल आपोआप. एवढा दिवा कशाला लावतेस?"

"हा नाही पडत, आई. हा सहाव्या वर्षी येतो तो जन्माचा."

"जन्माचा कसला? माझे तर सगळे पडले."

नवरा बाहेरच्या खोलीत हसला. मी हसले नाही. दिवा तसाच धरून उभी राहिले, आणि नऊ वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत जाऊन पोचले.

ती खोली म्हणजे शाळेतला चित्रकलेचा वर्ग. दोन बाकं एकमेकांना जोडून त्यावर सतरंजी, उशी, उशीवर दर मुलामागे बदलायचा कागद. उशीच्या मागे स्टुलावर डॉक्टरबाई, कपाळाला दिवा, एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. डाव्या अंगाला टेबलाशी मी. खिडकीतून सकाळचं ऊन यायचं, त्यात खडूची धूळ तरंगायची, आणि औषधी पाण्याचा तो वास, जो आजही कुठे आला की मला माझं कोणाचीच नसणं आठवतं. लग्न नव्हतं, मूल नव्हतं. घरून डबा यायचा. मुलांची रांग दाराबाहेर, कोणी रडतंय, कोणी दुसऱ्याला सांगतंय की आत सुई आहे. आणि डॉक्टरबाईंचा आवाज. तोंडाचे चार भाग करायचे, प्रत्येकाला आकडा: जन्माच्या दातांसाठी एक ते चार, दुधाच्या दातांसाठी त्याच भागांना पाच ते आठ. मग मधल्या रेषेपासून दात मोजत मागे जायचं. चार-सहा म्हणजे खालच्या उजव्या भागातला मधून सहावा. दातामागे निकालाचा आकडा: शून्य म्हणजे धड, एक म्हणजे किडलेला, दोन म्हणजे भरलेला. "एक-सहा, आलेला नाही. पाच-पाच, शून्य. पाच-चार, एक. पाच-तीन, शून्य." त्याला एक ठेका यायचा. वरून उजवीकडून सुरू, डावीकडे, मग खाली, डावीकडून परत उजवीकडे, आणि शेवटी सगळ्या मुलांचा शेवटचा दात तो, चार-सहा. तिथे त्या नेहमी एक श्वास घ्यायच्या. "चार-सहा, शून्य. उतर राजा." मला वाटतं, मी आयुष्यात कोणाशी इतकी सुरात सूर मिळवून राहिलेली नाही. त्या बोलायच्या आणि माझी पेन्सिल त्यांच्या शब्दाच्या शेपटीला धरून जायची. दुपारी डबा खाताना त्या म्हणायच्या, "मी बोलत नाही, मी बघते. बोलतेस ती तू, कागदावर." हे वाक्य तेव्हा मला नुसतं कौतुक वाटलं होतं.

चारशे मुलं होती. अर्ध्यांच्या दातांना लेप, अर्ध्यांना नुसतं पाणी, आणि कोणाला काय ते डॉक्टरबाईंना माहीत नाही. सुरुवातीला एकदा तपासणी, दोन वर्षांनी परत. पण हे सगळं टिकायचं तर आधी हे ठरायला हवं की तपासणारीची नजर आज एक आणि उद्या एक अशी नाही. म्हणून दर दहा मुलांतलं एक मूल त्याच दिवशी पुन्हा आत आणायचं. कोणतं ते मी ठरवायचं, डॉक्टरबाईंना सांगायचं नाही. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात त्यांना चेहरा दिसायचाच नाही, फक्त तोंड. आणि तोंडं काय, दुपारपर्यंत सगळी सारखीच. मग दोन्ही कागद जुळवायचे. किती जुळले त्याचा एक आकडा निघतो. एक म्हणजे तंतोतंत. आमचा आला शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव. निबंध छापून आला तेव्हा तो आकडा पहिल्याच पानावर होता. डॉक्टरबाईंनी त्याच्याखाली नखाने रेघ ओढली होती, मला आठवतं, आणि म्हणाल्या होत्या, "हा आपल्या दोघींचा."

चूक अगदी घरगुती होती. दुसऱ्यांदा आलेल्या मुलाचा क्रमांक, इयत्ता, जन्मतारीख पुन्हा लिहायला वेळ लागायचा, बाहेर रांग ओरडत असायची, म्हणून मी पहिला कागद पेटीत न टाकता दुसऱ्याच्या खाली ठेवायला लागले, थोडा वर सरकवून, नुसती वरची ओळ उतरवायला. कोण पाहतंय? मग एकदा खालची ओळही दिसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सात-पाच, एक," आणि खालच्या कागदावर त्याच जागी शून्य होतं. माझी पेन्सिल थांबली. काही बोलले नाही, हूं की चूं नाही. फक्त तो खरखर आवाज थांबला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थांब हं. परत बघते." बोळ्याने दात कोरडा केला, आरसा फिरवला. "शून्य." मी एक खोडला आणि शून्य लिहिलं. कागद स्वच्छ झाला. मला काय वाटलं होतं सांगू? मला वाटलं, मी मदत केली. दमलेल्या बाईला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हात द्यावा, तितकंच. फूक मारून रबराचा चुरा उडवला. तपासणीच्या त्या दोन महिन्यांत एकूण चाळीस मुलं दुसऱ्यांदा आत आली, आणि पेन्सिल किती वेळा थांबली ते मी मोजलं नाही. ते पत्र येईपर्यंत नाही मोजलं.

खोकी माळ्यावरच होती. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची खोली रिकामी करायला दोन दिवस मिळाले, आणि त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे माळा आहे ना? मग हे फेकू नकोस. बाकी सगळं फेकलं तरी चालेल, मलासुद्धा." तेव्हा भिंगरी पोटात होती. नवरा खोकी वर चढवताना कुरकुरला होता की लोक माळ्यावर भांडी ठेवतात, आपण दात ठेवतो. पत्र आलं त्या दिवशी भिंगरी शाळेत गेल्यावर शिडी लावली, खोकी उतरवली, धुळीने शिंका आल्या. कागद पिवळे झालेले, कडांना मऊ. माझं तेव्हाचं अक्षर बघून गलबलून आलं. किती गोल, किती विश्वासू अक्षर. ज्याला अजून कशाचीच भीती वाटत नाही असं. आता वाण्याची यादी लिहिते तीसुद्धा वाकडीतिकडी. चाळीस जोड्या काढल्या आणि दुसरा कागद एकेक करून खिडकीशी तिरका धरला. सरळ बघितलं तर काही नाही. तिरका धरला की खोडलेल्याचा खड्डा दिसतो, पेन्सिलच्या टोकाने कागदात दाबलेला, वर शून्य आणि शून्याच्या पोटात उभा एक. नऊ कागद निघाले. चाळिसात नऊ. मी गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले, मांडीवर कागद, आणि खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलला पंप मारत होतं, तो फुस्स फुस्स आवाज ऐकत.

संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. त्याने एक कागद स्कॅनरवर ठेवला, पडद्यावर मोठा केला. पांढरंशुभ्र. खड्डा नाही, एक नाही. नीटनेटकं शून्य. "बघ," तो म्हणाला, "दिसत नाही. पाठवून दे नि मोकळी हो."

"दिसत नाही म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय? नऊ वर्षांपूर्वीच्या शून्याने आता कोणाचं काय बिघडणार आहे?"

"लेप लावलेल्या पोरांचे दात खरंच चांगले राहिले की नाही, ते त्या आकड्यावर..."

"तुझ्या नऊ कागदांनी? बरं, समजा लिहिलंस. तुला कोणी ओळखत नाही. त्या म्हातारीची मात्र शोभा होईल. तिने काय केलंय तुझं?" मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. "तू पण ना. पोरीच्या तोंडात बघतेस, कागदाच्या पोटात बघतेस. कधी आरशात बघ. तीन दिवस तेच केस आहेत."

त्याचं चूक नव्हतं. शोभा डॉक्टरबाईंचीच झाली असती. निबंधावर पहिलं नाव त्यांचं. आभारात, शेवटून दुसऱ्या ओळीत, मी. चाळीस वर्षं लोकांच्या पोरांच्या तोंडात वाकून त्यांच्या मानेचं जे झालं ते झालं, आणि हातात उरलं काय, तर हा एक आकडा. मी त्याच्यावर बोट ठेवायचं? ज्या बाईने मला माझ्या पहिल्या नोकरीत कधी चहा आणायला पाठवलं नाही, माझ्या लग्नात आशीर्वाद म्हणून दातांचा ब्रश दिला आणि हसून हसून सगळ्यांना रडवलं, तिच्यावर? दोन दिवस मी काहीच केलं नाही. पोळ्या केल्या, कपडे वाळत घातले. रोज सकाळी भिंगरीच्या तोंडात दिवा मारून ती दाढ बघितली. आणि तिसऱ्या दिवशी मला ती मुलगी आठवली. म्हणजे, आठवत होतीच. मी तिच्यावर हात ठेवून बसले होते.

क्रमांक एकशे अठरा. नाव मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं. नावांची यादी अभ्यास संपल्यावर फाडून टाकायची असते, तसा नियम आहे आणि नियम चांगला आहे. मीच फाडली, डॉक्टरबाईंच्या समोर, बारीक बारीक. एकशे अठराचे वरचे पुढचे दोन दात पडलेले होते. हसताना तोंडावर हात ठेवायची. फ्रॉकच्या वरच्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन. दुसऱ्यांदा आत आणलं तेव्हा तिने मला विचारलं होतं, "मी नापास झाले का?" मी म्हटलं, नाही गं, पहिला नंबर आलाय म्हणून परत बोलावलंय. ती बाकावर चढली, डोळे मिटले, आ केला. डॉक्टरबाईंचा ठेका सुरू झाला, आणि शेवटच्या दातापाशी त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "चार-सहा, एक." खालच्या कागदावर शून्य होतं. पेन्सिल थांबली. "थांब हं." बोळा, आरसा. खूप वेळ. इतका वेळ की मुलीचा जबडा थरथरायला लागला. "शून्य. उतर राणी."

ज्यांच्या कागदावर कुठेही एक असेल त्यांना दिवस संपताना आम्ही गुलाबी चिठ्ठी द्यायचो. ती घेऊन आईबापांनी दवाखान्यात यायचं, तिथे दात फुकट भरून मिळायचा. पण मुलांना काय, गुलाबी कागद हवा. ज्यांना मिळाली ती उड्या मारायची, ज्यांना नाही ती रुसायची. दात चांगले असल्याची शिक्षाच ती. एकशे अठरा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या मैत्रिणीच्या हातात चिठ्ठी होती. "मला नाही?" मी म्हटलं, "तुझे दात छान आहेत ना, म्हणून नाही." तिचे डोळे भरले. "पण मला पायजे." मी हसले. तिच्या गालाला हात लावला. म्हटलं, "वेडाबाई, चिठ्ठी न मिळणं चांगलं असतं." ती तोंडावर हात ठेवून निघून गेली. सहा वर्षांची होती ती. दुसऱ्या तपासणीला नव्हती. रकान्यात लिहिलंय, शाळा सोडली. जन्माची दाढ, आणि घरात कोणीतरी म्हणालं असेल, दुधाचाच आहे, पडेल. कदाचित कीड नसेलही. कदाचित पहिलीच नजर बरोबर असेल. पण मला माहीत नाही, डॉक्टरबाईंना माहीत नाही, आणि ते कळायची एकच जागा होती ती मी स्वच्छ केली.

रविवारी दुपारी डॉक्टरबाईंकडे गेले. भिंगरीला घेऊन गेले, कारण एकटीने जायची छाती झाली नाही. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दारात चपला एकाच माणसाच्या. त्या बारीक झाल्यात. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीये, पण एका डोळ्यात काही राम नाही म्हणाल्या. खिडकीशी खुर्ची आणि कपाटावर दातांचे प्लास्टरचे ठसे, जबडा मिटलेले, एखाद्या गोष्टीवर ठाम असल्यासारखे. भिंगरीला ते फार आवडले. मी चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग पिशवीतून नऊ कागद काढले आणि सांगून टाकलं. कागद खाली ठेवायचे ते, वरची ओळ, खोडरबर, सगळं. बोलताना माझा आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला. डॉक्टरबाईंनी कागद बघितले नाहीत. मी दाखवलेल्या शून्यावरून बोटाचं पेर फिरवलं, आणि त्यांना तो खड्डा लागला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझी पेन्सिल. थांबली की मला कळायचं, मघाशी वेगळं बोलले मी."

खाली सायकलची घंटा वाजली. भिंगरी एका ठशाच्या तोंडात बोट घालून बघत होती.

"मग मला रागावला का नाहीत?"

"रागावले असते तर तू थांबायची बंद झाली असतीस." त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "तेव्हाच दिसेनासं झालं होतं गं. मागच्या दाढांच्या खाचा म्हणजे नुसती सावली. कोणाला सांगितलं असतं तर दुसरा तपासनीस आणला असता, दुपारपर्यंत चारशे पोरं हाकलून मोकळा होणारा. दोन वर्षं राहिली होती माझी. मी म्हटलं, निभेल. आणि तू होतीस. पहिला दिवस सोडला तर मी तो आवाज थांबायची वाटच बघायचे."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला वाटलं, इतकी वर्षं मी जे एकटीचं समजून छातीशी धरलं होतं, आमच्या दोघींची एकतानता, चित्रकलेच्या वर्गातलं ते ऊन, तो ठेका, त्यातल्या सगळ्यात सुंदर जागी हे होतं. आणि तरी ते सुंदरच होतं. याचं काय करायचं?

"मी लिहू का?" मी विचारलं. "माझंच लिहीन. कागद मी खाली ठेवले, खोडलं मी. तुमचं कशाला..."

"एकटीचं लिहिलंस तर तेही खोडल्यासारखंच," त्या म्हणाल्या, जरा कडक, जुन्या आवाजात. "माझं नाव निबंधाच्या डोक्यावर आहे, ते टिपेतही येऊ दे. त्या पत्रवाल्या पोरीला आकडे परत मोजायचेत ना, तर खरे मोजू दे. जुळले नाहीत तर नाही जुळले." मग कागद माझ्या हातात परत देत, "त्या आकड्याखाली मी रेघ मारली होती, नाही का? मूर्खासारखी."

मग त्यांनी भिंगरीला बोलावलं. कोचावर उशी ठेवली, तिला आडवं केलं, माझ्या फोनचा दिवा मागितला आणि मला म्हणाल्या, "घे. लिही." घरात कोरा कागद सापडेना, विजेच्या बिलाच्या लिफाफ्याची पाठ घेतली. पर्समधली पेन्सिल. "एक-सहा, आलेला नाही. पाच-पाच, शून्य. पाच-चार, शून्य." आवाज पातळ झालाय, पण ठेका तोच. मी लिहीत गेले, त्यांच्या शब्दाच्या शेपटीला धरून, आणि माझ्या डोळ्यांसमोर ऊन आणि खडूची धूळ. भिंगरी चक्क हलली नाही. खाली, डावीकडून उजवीकडे. "आठ-पाच, शून्य." श्वास. मी पेन्सिल टेकवली. थांबू द्यायची नाही, मी स्वतःला म्हटलं, मेले तरी नाही. आणि त्या गप्प झाल्या. दिवा जवळ, लांब, परत जवळ. मी त्या रिकाम्या क्षणात दाताचा आकडा दोनदा, तीनदा गिरवत राहिले, नुसता आवाज चालू राहावा म्हणून.

"दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चार-सहा, नऊ."

"नऊ?"

"नोंद करता आली नाही. कागदाच्या खाली छापलेलं असायचं, विसरलीस? शून्य, एक, दोन, आणि शेवटी नऊ." भिंगरीचं तोंड त्यांनी अलगद मिटलं, गाल चोळला. "चारशे पोरांत एकदाही म्हटलं नाही मी. म्हणायला काय गेलं असतं?" आणि मग मला, "हिला उद्या कोणा तरण्या डोळ्यांच्या माणसाकडे ने. माझ्या भरवशावर राहू नकोस. उतर राणी."

दुसऱ्याच दिवशी नेलं. भिंगरीची दाढ धड आहे. खाचा खोल आहेत म्हणून वरून बुजवून दिल्या. सासूबाईंनी विचारलं, "जन्माची आहे ना, मग आतापासून डागडुजी?" नवऱ्याने नऊही कागदांचे तिरक्या उजेडात फोटो काढून दिले, आणि त्यांत खोडलेले एक दिसतात. टीप मी आणि डॉक्टरबाईंनी फोनवर मिळून लिहिली, आठ ओळींची. कागद खाली ठेवले जात, पेन्सिल थांबे, तपासणारीला दिसत नसे, चाळिसांपैकी नऊ, बाकीच्यांची खात्री देता येत नाही. पत्रवालीने आभार मानले, फार थोडक्यात, जसे आपण दवाखान्यात शेजारच्या माणसाचे मानतो. आकडा तिने परत मोजला. किती आला ते आता कोणालाही बघता येतं. मी बघितलं आणि डॉक्टरबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हं. हा पण आपल्या दोघींचाच."

पण त्या टिपेत एकशे अठरा मावली नाही. तिथे ती एक ओळ आहे, चार-सहाच्या रकान्यात शून्य, शेजारी खूण, खाली लिहिलेलं: मूळ नोंद एक, खोडलेली. सगळं उघडं झालं, आणि तिच्यापर्यंत जायचा रस्ता मात्र मी स्वतःच्या हाताने बारीक बारीक फाडलेला आहे. म्हणून हे इथे लिहिलं. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी, जिन्यात, कुठेतरी आता पंधरा वर्षांची एक मुलगी असेल. लहानपणी शाळेत दिवा लावलेल्या बाईंनी तिचे दात दोनदा बघितले होते आणि तिला चिठ्ठी मिळाली नव्हती, हे तिला आठवत असेल किंवा नसेल. हसताना अजून तोंडावर हात ठेवत असेल, किंवा एका बाजूनेच जेवत असेल आणि कोणाला सांगत नसेल. तिला उजेडात बसवा. आ करायला सांगा. खालचा जबडा, उजवी बाजू. सगळ्यात मागची नाही, ती बाराव्या वर्षी आलेली असेल, तिच्या पुढची. नीट कोरडी करून बघा. आणि तुम्हाला दिसलं नाही, तर शून्य म्हणू नका. ज्याला दिसतं त्याच्याकडे तिला घेऊन जा.